हिक्मतचं पुढे काय करायचं

२६ शाबान

रमजानभर रोज एक दाखवायच्या मालिकेचे चौदा भाग लिहून झाले. सोळा बाकी. आणि रमजान येऊन ठेपलाय! सकाळीच हाजी लुत्फींचा फोन — निर्माते तेच, पैसा त्यांचा, म्हणून आवाजही त्यांचाच. "वजीह, आठवडाभरात पहिला भाग दाखवायचाय आणि नायकाच्या बापाला मारलं कुणी हे अजून ठरेना?" मी म्हटलं, हाजीसाहेब, मलाच कळलेलं नाही. खो खो हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. निर्माते फार भाबडे असतात.

दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन सुतळ्या ताणून चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्यात. पहिलीवर खून, दुसरीवर प्रेम, तिसरीवर इमारतीतली किरकोळ मंडळी. कुठला प्रसंग कुठल्या भागात, कुठल्या धाग्याला कुठे गाठ, सगळं एका नजरेत दिसतं. सध्या काय दिसतं? खुनाची सुतळी मधोमध रिकामी दिसते. इन्शिराहताई चहा घेऊन आली, भिंतीकडे बघून म्हणाली, "गच्ची कमी पडली का रे वाळत घालायला?"

(ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. घटस्फोटानंतर दोन आठवड्यांसाठी म्हणून तिच्याकडे राहायला आलो, त्याला आता आठ वर्षं झाली. रोजनिशीला हे सगळं ठाऊक आहे. पण पात्र आलं की त्याची ओळख करून द्यायची ही धंद्याची खोड, काही केल्या जात नाही.)

२८ शाबान

पाचव्या भागात भगदाड! नायक घरी येतो आणि घरात बोलायला कुणीच नाही. एकटा माणूस भिंतीशी किती बोलणार? म्हणून त्याला एक थोरली बहीण देऊन टाकली. हिक्मत. बिनलग्नाची, कचेरीतून निवृत्त झालेली, साखरेच्या वड्या मोजून ठेवणारी, जिन्यात पाऊल वाजलं की दाराला कान लावणारी, आणि भाऊ जेवायला बसला की "चावून खा, चावून खा" म्हणून त्याच्या मागे लागणारी. चार भाग चालवू, मग देऊ गावाला धाडून.

काय हात चालला म्हणून सांगू! एका बैठकीत चार प्रसंग. मला हे कुठून सुचतं, अल्लाहच जाणे. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "वजीह, डब्यातल्या दोन वड्या कमी आहेत!" सगळी लय गेली. कलावंताच्या घरात जरा म्हणून शांतता नाही.

१ रमजान

पहिला भाग झाला. नायक कुणालाच आवडला नाही. ताई म्हणाली, बूट बरे आहेत त्याचे.

५ रमजान

हिक्मत आली आणि मैदान मारलं!! कॉफीखान्यात मुद्दाम मागच्या टेबलावर जाऊन बसलो होतो. "चावून खा"ला अख्खं दुकान हसलं. एकाने तर पाय आपटले. मादाम रतीबाने हिक्मतचं काम झकास केलंय — साठी उलटली बाईंची, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून असं बघते की समोरच्याने घास खाली ठेवावा.

हाजींचा लगेच फोन, "खून राहू दे बाजूला. ती म्हातारी वाढव." मला राग आला. म्हातारी काय म्हणून? सत्तावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे! मग लक्षात आलं की हिक्मतचं वय मी कुठेच लिहिलेलं नाही.

ताई आजचा भाग खालच्या मजल्यावर उम्म शादीकडे बघत होती. वर आली आणि थेट झोपायला गेली. दमली असेल.

८ रमजान

आज ताईबरोबर भाजी आणायला गेलो. (पिशव्या जड होतात म्हणून नव्हे. लोक मालिकेबद्दल काय बोलतात ते ऐकायला.) आशूर भाजीवाला लांबूनच ओरडला, "या हिक्मतताई! मुलूखियाची पानं आज वजनाने देऊ की मोजून?" आजूबाजूच्या बाया पदराआड हसल्या. पदराआड कसल्या, तोंड उघडून हसल्या.

ताई म्हणाली, "वजनाने दे." बस्, एवढंच.

९ रमजान

रोजा सोडायची तोफ झाली, खजूर खाल्ला, सार वाढलं, आणि ताईने तोंड उघडलं.

"मी साखर मोजते?"

मी म्हटलं, ताई, ते पात्र आहे. कल्पित आहे ग.

"बरं. मग तिच्या अंगात माझा जांभळा गाऊन कसा?"

जांभळा तर बाजारात सगळीकडे मिळतो.

"आणि खिशात चष्मा? चष्म्याला नाडी? तीही पायजम्याची?"

सापडलो! कपडेपटातल्या पोरीला मीच बसून सगळं सांगितलं होतं. तपशील नेमका हवा म्हणून. मग मी तिला कथानक समजावून सांगायला लागलो. म्हटलं, ताई, ही तर सुरुवात आहे. गोष्टीत माणसाला आधी खाली पाडावं लागतं, म्हणजे शेवटी वर उचलता येतं. जितकं खोल पाडाल तितकं उंच! तू फक्त तिसाव्या भागापर्यंत थांब. अख्खा देश हिक्मतसाठी रडेल.

ताईने सार ढवळलं. "अरे, पण मी पडले कुठे होते? मी तर उभीच होते. पाडलंस तू."

१० रमजान

बोलत नाही. जेवण रोजच्यासारखंच सुग्रास. हे जास्त वाईट.

१४ रमजान

शनिवार, म्हणजे पटकथालेखनाच्या संस्थेत वर्ग. विषय: "घटनांची मांडणी". मी, वजीह, घटनांची मांडणी शिकवतो. हसायचं असेल त्याने हसून घ्यावं. फळ्यावर डोंगर काढला — चढ, शिखर, उतार. एक मुलगी म्हणाली, सर, तुमच्या मालिकेत डोंगर दिसत नाही, नुसती हिक्मत दिसते. बाकीची खिदळली. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, उपकथानक कधी कधी मुख्य कथानकाला गिळतं, ते लेखकाने होऊ द्यावं. खरं म्हणजे लेखकाला थांबवताच येत नाहीये! खुनाच्या सुतळीवर चार चिठ्ठ्या उरल्या आणि तिसरी सुतळी इतकी वाकली की खिळा निघाला.

आणि एक. ताईने पाच दिवसांत मला एकदाही "चावून खा" म्हटलेलं नाही. एवढी वर्षं त्या दोन शब्दांनी वैताग आणला होता. आता जेवताना मीच ते मनात म्हणून घेतो. ती परत माझ्याशी बोलायला हवी. दुसरं काही नको. बक्षीस नको, नाव नको. (बरं, नाव थोडं चालेल.)

१७ रमजान

घात झाला! मादाम रतीबा रात्री मुलाखतीत सगळं सांगून बसली. निवेदिकेने लाडीगोडी लावली, आणि बाई लाजत म्हणाल्या, "शेवटी हिक्मतचं लग्न होतं हो! तो विधुर औषधवाला आहे ना, फखरी, त्याच्याशी. पांढरा पोशाख शिवायला टाकलाय मी."

मी सोफ्यावर, ताई खुर्चीत. मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं ती खूश होईल. हेच तर माझं शिखर होतं! हिक्मतची हेटाळणी करणारी सगळी इमारत तिच्या लग्नात नाचते, आणि भाऊ तिच्या पायाशी बसून रडतो. हा शेवट आधीच लिहून ठेवला होता, आणि लिहिताना मी स्वतः रडलो होतो.

ताईने टीव्ही बंद केला.

१८ रमजान

आज बोलली. बोलली कसली, सोलून काढलं. शब्दशः उतरवून ठेवतो.

"तीस दिवस लोकांना माझ्यावर हसवायचं आणि शेवटी औषधवाल्याच्या गळ्यात बांधायचं. याला तू वर उचलणं म्हणतोस?"

म्हटलं, लोकांना आवडतं ग.

"आवडू दे. लग्न झालं, पोरं नाचली, जाहिराती लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काय? फखरीची न्याहारी कोण करणार? त्याचा दमा, त्याच्या बनियनी, त्याची ती तोंडाळ आई — तूच घातलीयस ना ती आई? आधी भावाचं करत होती, आता त्याचं करेल. हलवली कुठे तू तिला? या खुर्चीवरून उचलून त्या खुर्चीवर ठेवलीस. आणि वर मला सांगतो, थांब म्हणे तिसाव्या भागापर्यंत!"

वीस वर्षं हा धंदा करतोय. कुठल्या समीक्षकाने मला असा उभा चिरला नव्हता. सगळ्यात वाईट म्हणजे बाई बरोबर बोलत होती.

२० रमजान

दुसरे शेवट शोधतोय. तेविसावा भाग अर्धवट पडलाय, सेटवरून दिग्दर्शक शाकिरची माणसं पानं मागतायत, आणि मी हिक्मतचं पुढे काय करायचं यात बुडालोय.

पर्याय पहिला — हिक्मत मरते. सगळ्यांना पश्चात्ताप. मादाम रतीबाला फोन केला. "मी रमजानात मरत नाही. मी मेले की जाहिराती पडतात." ठेवला.

पर्याय दुसरा — हिक्मत मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जाते. हाजी खूश! "एक विमानतळ, एक पांढरा पोशाख, स्वस्तात पुण्य!" ताईला विचारलं. म्हणाली, "म्हणजे नवरा नाही तर देवाच्या माथी मारायची. घरातली अडगळ आहे का ती?"

पर्याय तिसरा — खून हिक्मतनेच केलेला असतो. हा ऐकून ताई पहिल्यांदा हसली. "हा जरा बरा आहे," म्हणाली. पण मग आधीच्या बावीस भागांचं काय करू?

२२ रमजान

शेवटी हात टेकले. ताई ओट्याशी कतायेफ भरत बसली होती — अक्रोड, साखर, मुडपून कडा दाबायची. मी शेजारी स्टूल ओढलं. म्हटलं, तूच सांग. काय करू मी तिचं?

हातातल्या कतायेफची कड दाबली, ताटात ठेवलं. मग म्हणाली, "तिला एक खोली दे."

"खोली?"

"एकच पुरे. आतून कडी लागेल अशी. सकाळचं ऊन यायला हवं. जिने फार नकोत, गुडघे आहेत तिला. खाली दूध मिळावं. शेजारीण बडबडी असली तरी चालेल, पण दार वाजवायच्या आधी फोन करणारी. आणि मग ती चहा करून बसेल. कुणी आतून हाक मारणार नाही, ताई माझे मोजे कुठे म्हणून."

"मग?"

"मग चहा पिईल."

"हो, पण पुढे?"

"पुढे कप विसळेल."

"अग, पण त्यात घडतं काय?"

माझ्याकडे असं बघितलं की मादाम रतीबाने येऊन शिकून जावं. म्हणाली, "तुला चहा आयता मिळतो ना, म्हणून तुला त्यात काही घडतंय असं वाटत नाही."

"आणि तिच्या भावाचं काय?"

"अंडं उकडता येतं का त्याला?"

"नाही."

"मग तिसाव्या भागाआधी शिकव."

ताईत लेखकाचे गुण आहेत, हे मान्य करायला हवं. खोलीचा तपशील किती नेमका! डोळ्यांपुढे उभी केली. कथानकाची समज मात्र बिचारीला नाही.

२३ रमजान

हाजी लुत्फींच्या कचेरीत. सांगितलं — हिक्मत लग्नाला नाही म्हणते, सामान बांधते, एका खोलीत राहायला जाते, आणि बसते.

"बसते. आणि मग?"

"चहा पिते."

"आणि मग?"

"कप विसळते," मी म्हटलं. हाजी पुन्हा हसले. मी हसलो नाही. मग तेही थांबले. मी म्हटलं, हाजीसाहेब, वीस वर्षं तुम्ही सांगाल त्याला मारलं, सांगाल त्याचं लग्न लावलं. मेलेल्या माणसाला एकदा जाहिरातदारासाठी जिवंतसुद्धा केलं. हा एक शेवट माझ्या मनासारखा करू द्या. नाहीतर खुनी कोण ते सांगणार नाही!

(मला अजून माहीतच नव्हतं. पण धमकी लागू पडली.)

२४ रमजान

मादाम रतीबा पांढरा पोशाख सोडायला तयार नाही. "वजीह बेटा, पडद्यावर नवरी व्हायची माझी ही शेवटची संधी होती रे." गलबलून आलं. कबूल केलं — अख्खा प्रसंग तिचा एकटीचा, मध्ये कुणीही नाही, कॅमेरा फक्त तिच्यावर. बाईंनी नाक पुसलं. मग विचारलं, "संवाद किती?"

एकही नाही.

"एकही नाही? बरं. मग मला रिहर्सलला खरा चहा लागेल."

२६ रमजान

चित्रीकरण झालं. शाकिर कुरकुरत होता — काही होतच नाही या प्रसंगात! रतीबा आत आली. कडी लावली. पुन्हा काढली. पुन्हा लावली — हे मी लिहिलेलं नव्हतं. मग चहा ओतला, खुर्ची उन्हात सरकवली आणि बसली. प्रसंग संपल्यावर शाकिर मला म्हणाला, "आईला फोन करून येतो," आणि बाहेर गेला.

घरी आलो. ताईला काही सांगितलं नाही. तिसावा भाग तिच्या शेजारी बसून बघणार आहे. खुनी पण सापडला एकदाचा — नायकाचा होणारा सासरा. कुणी का असेना.

२९ रमजान

चंद्र दिसला!!

जगात इतका मूर्ख लेखक दुसरा नसेल. लहानपणापासून ठाऊक आहे की महिना कधी एकोणतीसचा असतो, कधी तिसाचा. आणि मी माझा सगळा जीव कुठे ठेवला? तिसाव्यात! वर्गात पोरांना शिकवतो की गोष्टीचा भार एका खुंटीवर टांगू नये. उंटावरचा शहाणा!

संध्याकाळी जाहीर झालं, उद्या ईद. वाहिनीवाल्यांनी एकोणतिसावा आणि तिसावा मिळून एकच भाग तयारच ठेवला होता. मला कशाला सांगतील! शेजारी ताई. मी घाम पुसत बसलो. खून, पाठलाग, सासऱ्याला बेड्या, प्रेमिकांचं मीलन, जाहिराती, जाहिराती, जाहिराती. आणि हिक्मत? फखरीच्या दुकानात उभी, तो तिला मोगरा देतो, ती लाजते. बस्. समाप्त. खोली नाही, कडी नाही, चहा नाही!

खाली रस्त्यावर फटाके आणि "हिक्मतताई मुबारक!" अशा आरोळ्या. आशूरच असणार.

ताई उठली. "चांगला झाला हो," म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं. आणि ईदच्या काहक बिस्किटांवर पिठीसाखर भुरभुरायला गेली. मला रडू आलं. खरंच आलं.

१ शव्वाल, ईद

नमाज पढून आलो आणि थेट स्वयंपाकघरात. पानं हातात होती, पण संवादच नाहीत तर वाचणार काय? म्हणून करून दाखवलं. मी, सेहेचाळीस वर्षांचा, टकला, ईदचा नवा झब्बा घालून हिक्मत झालो! आत आलो. कडी लावली, काढली, लावली. चहा ओतला. खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि बसलो. म्हटलं, ताई, हे लिहिलं होतं मी. वाहिनीवाल्यांनी कापलं. शपथ घेतो.

ताई पिठाळ हात तसेच धरून बघत होती. म्हणाली, "एवढी घाईघाईने पिणार नाही ती."

मी पुन्हा केलं. हळू प्यायलो.

"आता ठीक."

कप विसळला. ताईने तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा विसळला. आणि मग हसली! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या टकलावरून हात फिरवला, टकलाला पीठ लागलं. काहकची बशी पुढे केली. मी दोन तोंडात कोंबले, तर म्हणाली, "चावून खा."

या अल्लाह! कुठला डोंगर आणि कुठलं शिखर! सगळे धागे जुळले. माझ्या सगळ्या मालिकांत असा शेवट कधी साधला नव्हता. सुतळ्या आजच काढून टाकतो.

३ शव्वाल

ताई गेली. दोन बॅगा, उम्म शादीच्या भाच्याची गाडी. हुलवानला, मेट्रोच्या अगदी शेवटच्या स्टेशनाजवळ. मला दारातच सांगितलं, आणि मी दारातच उभा राहिलो.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मालिकेमुळेच ना? तुला चारचौघांत हसं केलं म्हणून?

"झोंबलं, नाही असं नाही," म्हणाली. "पण खोली मी शाबानातच घेतली रे. तुझी ती हिक्मत जन्मायच्या आधी."

मग महिनाभर थांबलीस कशाला?

"वेड्या, रमजानात कुणाला एकटं जेवायला बसवतात का?"